आठव्या पायरीपर्यंत

मी एक जुनी शिडी आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, शिडीनं कसला एवढा तोरा मिरवायचा? तर ऐका. ज्या खोलीत मी उभी आहे, तिथे या शहरातलं एकूण एक घर कागदावर राहतं. कुणी कुणाला विकलं, कुणाला वारशानं मिळालं, कुणी कुठल्या घरावर कर्ज काढलं, सगळं इथल्या वह्यांमध्ये लिहिलेलं आहे. आणि माझ्याशिवाय त्या वह्या कुणाच्या हाताला लागत नव्हत्या. कोर्टात आवाज चढवणारे भलेभले वकील माझ्यापुढे मुकाट्यानं बूट काढायचे.

मला वाचता येत नाही. पाडलेल्या एका शाळेच्या तुळईतून मला कापलं, म्हणजे शाळेत मी होते, पण छताला. शिक्षण राहिलं ते त्यामुळे. आकडे तेवढे ओळखते. पण माझे कान चांगले शाबूत आहेत, आणि या खोलीत लिहिणारा माणूस लिहिताना तोंडानं पुटपुटतोच. ते पुटपुटणं मी चाळीसहून जास्त वर्षं ऐकलंय. त्यामुळे मला जे ठाऊक आहे, ते ठाऊक आहे. त्यावर कुणी मला शहाणपण शिकवू नये.

ज्या सुतारानं मला घडवलं तो कमी बोलणारा होता. त्यानं आधी खोली मोजली, मग लाकडाला हात लावला. खोलीचं छत उंच, खिडकी एकच, आणि तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत कपाटं. प्रत्येक कपाटाला सात फळ्या. त्या हिशेबानं त्यानं मला अकरा पायऱ्या दिल्या. दहावीवर उभं राहिलं की सातव्या फळीवरची वही छातीशी यावी, असं त्याचं माप. काम संपल्यावर त्यानं मला हलवून पाहिलं आणि म्हणाला, "ही म्हातारी होईल, पण डुगडुगायची नाही." मी आजही डुगडुगत नाही. दोष माझ्या पायांत कधीच नव्हता.

त्या वेळी या खोलीचे मालक म्हणजे थोरले दफ्तरदार. दफ्तरदार म्हणजे कागदपत्रं सांभाळणारा माणूस. हे अंगानं काटकुळे, आवाजानं मऊ, आणि कामाला असे चोख की डासानं चावावं तरी परवानगी काढून. वह्या कुठे ठेवायच्या ते त्यांनीच ठरवलं. खालच्या सहा फळ्यांवर खरेदीच्या आणि वारसांच्या वह्या. सगळ्यांत वरच्या, सातव्या फळीवर, तांबड्या कापडात बांधलेल्या बोज्याच्या वह्या. आणि त्यांच्याच शेजारी एक जाडजूड वही बेवारस रकमांची, म्हणजे ज्यांचे पैसे कुठेतरी पडून आहेत आणि त्यांना पत्ताच नाही, अशांची.

बोजा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. एखादा माणूस आपल्या घरावर कर्ज काढतो. ते फिटेपर्यंत घर त्या कर्जाला बांधलेलं. मालकानं घर दुसऱ्याला विकलं तरी कर्ज उठून जात नाही. ते घराच्या मानगुटीवर तसंच बसून राहतं, आणि नवा मालक दाराला रंग देत असतो तेव्हा त्याच्याकडे बघत असतं. म्हणून शहाणी माणसं घर घेण्याआधी आमच्या खोलीत येऊन शोध करवतात. बोजा सापडला नाही तर दाखल्यावर 'निरंक' असं लिहून मिळतं. त्या एका शब्दावर लोक जन्माची कमाई मोजून देतात.

बोज्याच्या वह्या वर का ठेवल्या? कारण ज्यांनी कर्ज काढलेलं असतं, तीच माणसं चुपचाप येऊन पान फाडायला बघतात. वर चढलेला माणूस सगळ्या खोलीला दिसतो. थोरल्यांचं डोकं होतं ते!

त्यांची आणखी एक रीत होती. शोध घेणाऱ्यानं आधी सातवी फळी बघायची, मग खाली यायचं. आणि खाली आल्यावर त्यांच्या टेबलापुढे उजव्या हाताचं बोट धरायचं. वरच्या फळीची धूळ काळी, बुरशीसारखी चिकट. खालच्या फळ्यांची करडी. काळं बोट दिसल्याशिवाय थोरल्यांची दाखल्यावर सही नाही. एकदा एक टाय लावलेले वकीलसाहेब खिडकीतल्या धुळीत बोट घासून आले. थोरल्यांनी चष्मा वर केला. "साहेब, ही रस्त्याची धूळ आहे. वर चढा." वकीलसाहेब चढले. सगळी खोली तोंड दाबून हसली. मीही जराशी करकरले.

माझ्या भरभराटीचे दिवस होते ते. एकदा एक बस ड्रायव्हर भावकीच्या भांडणाचा कागद शोधायला आला होता. थोरले म्हणाले, "वर गेलाच आहात तर बेवारस रकमांची वहीपण चाळा." त्यात त्याच्या मावशीनं त्याच्या नावानं ठेवलेली रक्कम निघाली. मावशीला जाऊन बारा वर्षं झालेली. हा एवढा दांडगा माणूस माझ्या तिसऱ्या पायरीवर बसून हमसाहमशी रडला. दुसऱ्या दिवशी पॉलिशचा डबा आणि फडकं घेऊन आला आणि मला वरपासून खालपर्यंत पुसून चकचकीत करून गेला. त्यानंतर मला कुणी पॉलिश केलेलं नाही.

थोरले निवृत्त झाले. नवे दफ्तरदार आले. वाईट माणूस नव्हता तो, मी कुणाच्या मागे खोटं बोलायची नाही. पण घाबरट होता. घाबरट माणूस नियमाच्या आड असा उभा राहतो, जसं मूल आईच्या पदराआड.

एका उन्हाळ्यात पंखा बिघडला. दुरुस्तीला आलेला मिस्त्री अंगानं गोणीसारखा आणि हातात लोखंडी सामानाची पेटी. तो माझ्या नवव्या पायरीवर मधोमध उभा राहिला आणि मजबुती बघायला त्यानं दोनदा उडी मारली. शिडीवर उडी मारणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पायरीला मधोमध तडा गेला. दोन्ही टोकं मात्र शाबूत राहिली. टोकाला पाय देऊन कुणीही चढलं असतं तरी मी वजन पेललं असतं, शब्द देते. पण मला विचारतो कोण?

नव्या दफ्तरदारांनी दुरुस्तीसाठी वर पत्र पाठवलं. उत्तर आलं, "शिडी फर्निचरमध्ये येते की अवजारांत, ते कळवा." त्यांनी कळवलं, "लाकडी आहे." दुसरं उत्तर आलं, "फर्निचर असल्यास खाते वेगळे, अवजार असल्यास खाते वेगळे." तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, ते तर ऐकण्यासारखं आहे. "सदर शिडी कार्यालयाच्या यादीत आढळत नाही. जी वस्तू यादीत नाही, ती मोडली कशी?"

दफ्तरदारांनी हात टेकले. नवव्या पायरीला सुतळी गुंडाळली आणि पुठ्ठा लटकवला. त्यावर काय लिहिलंय ते लोक वाचायचे म्हणून मला कळलं. 'ही पायरी वापरू नये.'

झालं. त्या दिवसापासून आठव्या पायरीच्या वर कुणाचा पाय गेला नाही. आठवीवरून सहाव्या फळीपर्यंत हात पोहोचतो. सातवीच्या कडेला फार तर बोट लागतं, वही हाती येत नाही.

पण दाखले तर द्यावेच लागतात. रोज दहा-बारा माणसं दाराशी. मग एक युक्ती निघाली. कुणी ठरवून काढली नाही. ओल कशी भिंतीत शिरते, तशी ती शिरली. त्या घराचा आधीचा दाखला बघायचा आणि नव्यावर लिहायचं, 'मागीलप्रमाणे निरंक'. आधीच्या दाखल्यातही तेच लिहिलेलं असायचं. त्याच्या आधीच्यातही. कुणी खोटं लिहीत नव्हतं. जो तो फक्त मागच्यावर विश्वास ठेवत होता. आणि सगळ्यांच्या मागे, पार तळाशी, थोरल्यांच्या काळातलं एक काळं बोट होतं.

आणि मित्रांनो, बोजे लिहिणं काही थांबलं नव्हतं. खालच्या टेबलावर नव्या कर्जांच्या नोंदी होतच होत्या. वही भरली की तांबड्या कापडात बांधली जायची. वर नेऊन ठेवायला एक लांबोडा शिपाई होता. तो आठव्या पायरीवर उभा राहायचा आणि झाडूच्या दांड्यानं वही वर ढकलायचा. धप्प आवाज व्हायचा, थोडी काळी धूळ खाली पडायची, आणि तो हात झटकत म्हणायचा, "गेली एकदाची." वह्या वर जायच्या. खाली एकही यायची नाही. पंधरा वर्षं हे मी बघितलं. रात्रंदिवस त्या फळीखाली उभी राहून माझ्या लाकडालासुद्धा थंडी भरायची.

आता त्या घराचं सांगते.

चौकात एक दोन खोल्यांचं घर होतं, निळ्या दाराचं, पुढच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी. एका कंत्राटदारानं ते विकत घेतलं होतं. हा माणूस कायम हसरा. चहावाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना "काय म्हणताय?" म्हणून विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. घर घेतल्यावर वर्षभरात त्यानं त्याच घरावर भलंमोठं कर्ज काढलं. त्याची नोंद माझ्यासमोर झाली. लिहिणारा पुटपुटत होता, "चौकातले घर, दोन खोल्या, निळे दार..." कंत्राटदार टेबलाला टेकून हसत उभा होता. आठवड्यानं ती वही भरली. धप्प. गेली एकदाची.

दोन वर्षं गेली, आणि एका मंगळवारी सकाळी दोन बायका खोलीत आल्या. एक चाळिशीची, बोटांना सुयांचे टोचे, गळ्यात अजून माप घ्यायची फीत विसरलेली. दुसरी तिची सासू, पाठीत वाकलेली, पण नजर अशी की समोरच्यानं आपोआप सदऱ्याची बटणं तपासावी. सुनेचा नवरा वारलेला. दोघी एकोणीस वर्षं शाळांचे गणवेश शिवून भाड्याच्या एका खोलीत राहत होत्या. आता निळ्या दाराचं घर घ्यायचं ठरलं होतं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. गुरुवारी कंत्राटदाराला सगळे पैसे मोजून द्यायचे होते.

त्यांचा शोध घ्यायला जो माणूस लावला होता त्याला सगळे चष्मेवाले म्हणायचे. दिवसाला आठ दाखले काढायचा तो.

"साहेब, नीट बघा हो," सून म्हणाली. "आमच्याकडे दुसरं काही नाही."

"ताई, निर्धास्त राहा. हजार घरं गेलीत माझ्या हाताखालून."

"हाताखालून गेली," सासू म्हणाली, "पण नजरेखालून किती गेली?"

"आई, गप्प बसा ना!"

"का? विचारायला पैसे पडतात का?"

चष्मेवाले हसले आणि चढले. आठव्या पायरीवर उभं राहून सहाव्या फळीवरची खरेदीची वही काढली, उतरले, टेबलावर पानं उलटली. कंत्राटदाराच्या आधीच्या मालकाचं नाव सापडलं. त्या खरेदीच्या वेळचा दाखला सापडला. त्यात निरंक होतं, आणि त्या दिवशी ते खरंही होतं. चष्मेवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"वरची फळी राहिली," सासू म्हणाली.

"आजी, वर नुसती रद्दी आहे."

"रद्दी तांबड्या कापडात कोण बांधतं हो? माझ्या घरची रद्दी मी माळ्यावर फेकते. कापडात बांधते ते दागिने, नाहीतर भांडणाचे कागद."

"तुम्हाला वाचता येतं का, आजी?"

"नाही येत. मोजता येतं. फळ्या सात आहेत. तुम्ही सहा बघितल्यात."

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. "त्या पायरीवर पाटी आहे बघा. वापरू नये म्हणून. आम्ही काय जीव द्यायचा का तुमच्या दोन खोल्यांसाठी?"

"तुम्ही नका देऊ. मी चढते."

आणि तिनं खरोखर लुगड्याचा ओचा खोवला, चपला काढल्या आणि माझ्यावर पाय ठेवला. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला कळलं होतं की कुठला पाय भीतभीत येतो आणि कुठला हक्कानं. हा पाय हक्काचा होता. एक, दोन, तीन... खाली दफ्तरदार टेबलामागून धावत आले. "आजी, उतरा! पडलात तर माझी नोकरी जाईल!"

"तुमची नोकरी नोकरीच आहे. माझं घर आहे!"

आठव्या पायरीवर ती थांबली. हात वर ताणला. तिचं बोट सातव्या फळीच्या कडेला लागलं. तिनं ते बोट डोळ्यांसमोर धरलं. काळंकुट्ट.

"एवढा थर?" ती म्हणाली. "अगं, इथे कित्येक वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही!"

"सफाईवाला रजेवर आहे," खालून चष्मेवाले म्हणाले.

तिनं नवव्या पायरीकडे पाहिलं. सुतळीला हात लावला. निळ्या दाराचं कर्ज तिच्या डोक्यापासून दोन हातांवर होतं. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. मला सांगायचं होतं, बाई, मधे पाय देऊ नकोस, टोकाला दे, मी धरते तुला. माझ्याकडे एकच भाषा आहे. मी सगळा जीव एकवटून करकरले.

त्या आवाजानं सून किंचाळली. "आई, मोडतेय ती! उतरा! तुम्हाला काही झालं तर घर कुणासाठी घेऊ मी?"

सासूनं खाली पाहिलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. दफ्तरदार मला दोन्ही हातांनी धरून उभे होते. ती म्हातारी भांडायला कुणाला भ्यायची नाही, पण सुनेच्या तोंडचं ते वाक्य तिला पेललं नाही. ती एकेक पायरी उतरली. चपला घातल्या.

तिला थांबवायला मी करकरले नव्हते. पण ती उतरली ती माझ्यामुळे. हे मी कुणावर ढकलत नाही.

दाखल्यावर शिक्का बसला. 'मागीलप्रमाणे निरंक.' दाराशी हसरा कंत्राटदार उभा होता. "काय म्हणताय?" तो म्हणाला.

घर झालं. खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कानावर पडायचं. खिडकीशी मशीन लागलं म्हणे. दोन शाळांची नवी कामं मिळाली. सासू खिडकीत बसून गिऱ्हाइकांना बटणावरून बोलते, तरी गिऱ्हाइकं येतात. मी ते ऐकायची आणि वरून धप्प आवाज झाला की मला ते निळं दार आठवायचं. मनात म्हणायची, कंत्राटदारानं कर्ज फेडलं असेल. फेडतातही लोक. नाही का?

अकरा महिन्यांनी त्या दोघी परत आल्या. सुनेच्या हातात दारावरून काढलेला कागद होता, कोपऱ्यांना खळ तशीच. ज्यांनी कंत्राटदाराला कर्ज दिलं होतं, त्यांची नोटीस. एकही हप्ता आलेला नाही, घराचा लिलाव होईल, महिन्याच्या आत घर रिकामं करा. कंत्राटदाराच्या कचेरीवर आता केस कापायच्या दुकानाची पाटी होती. तो कुठे हसत होता, ते कुणालाच माहीत नव्हतं.

या वेळी सासू ओरडली नाही. ती दफ्तरदारांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चढ."

एवढंच. आणि तो पन्नाशीचा साहेब शाळकरी पोरासारखा उठला आणि चढला. नवव्या पायरीशी थांबला. मग टोकाला पाय दिला. मी पेललं. कुरकूरही केली नाही. सातव्या फळीवरून त्यांनी एक वही काढली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी घेऊन खाली आले. टेबलावर उघडली. लिहिणाऱ्याच्या पुटपुटण्यात मी जे ऐकलं होतं, ते तिथे शाईनं होतं. चौकातले घर, दोन खोल्या, निळे दार.

सुनेनं खुर्ची धरली.

"आता?" सासूनं विचारलं.

"आजी, दाखल्याच्या मागे छापलेलं आहे... शोधातील उणिवेस कार्यालय जबाबदार राहणार नाही."

"मोठ्यानं वाच."

त्यांनी वाचलं.

"मागे का छापलं? पुढे जागा नव्हती?"

दफ्तरदारांनी दाखला उलटा करून पुढची बाजू वर ठेवली. सुनेनं अगदी हळू विचारलं, "साहेब, मशीन तरी माझं आहे ना? का त्याच्यावरही काही लिहून ठेवलंय वर?"

चष्मेवाले कोपऱ्यात आपला चष्मा पुसत होते, पुसतच राहिले. जाताना सासू माझ्यापाशी थबकली. माझ्या दांडीवर हात ठेवला. "हिनं तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "आवाज केला होता. मीच उतरले."

"आई, लाकूड आहे ते."

"असू दे. या खोलीत आणखी कोण बोललं?"

त्या दोघी गेल्या. महिनाअखेरीला हातगाडीवर मशीन जाताना शिपायानं पाहिलं. त्या दोघी कुठे गेल्या, ते मला ठाऊक नाही.

पण त्या दिवशी दोघी गेल्यावर जे झालं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वही टेबलावर उघडीच होती. दफ्तरदारांनी आणखी एक पान उलटलं. आणखी एक. आपल्या दाखल्यांचं पुस्तक शेजारी घेतलं आणि ताडून बघायला लागले. तोंडानं पुटपुटत होते. "पुलापलीकडचं घर... मागीलप्रमाणे निरंक. दवाखान्यामागची चाळ... निरंक. शिक्षकांचं घर... निरंक." चौदापर्यंत मोजलं मी. प्रत्येक घरावर बोजा, प्रत्येक दाखल्यावर त्यांची सही, आणि प्रत्येक घरात कुणीतरी राहायला गेलेलं. एका वहीतली चौदा. वर अशा सदतीस वह्या आहेत.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग शिपायाला हाक मारली आणि वही पुन्हा तांबड्या कापडात बांधायला सांगितली. धप्प.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. एका पायरीच्या दुरुस्तीसाठी पंधरा वर्षं सुतार मिळाला नव्हता. करवत मात्र एका दिवसात आली. मला वाटलं, अखेर माझी नववी पायरी बदलणार. त्यानं मला आडवी पाडली आणि आठव्या पायरीच्या वर खूण केली. नववी, दहावी, अकरावी कापून टाकली. भुशाचा ढीग झाला. त्या तीन पायऱ्या आता खिडकीला टेकू म्हणून लावल्यात. ज्या सुतारानं मला घडवलं तो हे बघायला नाही, हे बरंच झालं.

पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब आले. तेव्हा यादीत माझी नोंद झाली. लिहिणारा पुटपुटत होता, "शिडी, एक. पायऱ्या आठ. सुस्थितीत."

त्यानंतर संगणक आले. चार मुली आणि दोन मुलगे सहा महिने बसून वह्यांतली नोंद नि नोंद त्यात उतरवत होते. ज्या वह्या हाताला लागत होत्या, त्या. माझ्यावरून जिथवर हात पोहोचतो, तिथवरच्या. आता शोधाला कुणी खोलीत येत नाही. घरबसल्या नाव टाकतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं, 'निरंक'. लोकांना फार कौतुक आहे त्याचं. दफ्तरदारांचा सत्कारही झाला.

मित्रांनो, मी म्हातारी बाई, मला गोड बोलता येत नाही. म्हणून सरळ सांगते. आज संध्याकाळी घरी गेलात की आईला, आजोबांना, जे कुणी मोठं असेल त्यांना विचारा, आपल्या घराचा दाखला कुठे आहे. तो काढा. मागची बाजूसुद्धा वाचा. त्यात 'मागीलप्रमाणे' असा शब्द दिसला, तर दुसऱ्याच दिवशी इथे या. कदाचित काहीच नसेल. कदाचित वर तुमच्याच एखाद्या मावशीनं तुमच्यासाठी काही ठेवलेलं असेल, आणि तेही धूळ खात पडलेलं असेल. पण बघितल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. मला कापायच्या आधी एक पायरी बदलली असती, तर एक घर वाचलं असतं. मोडलेलं दिसतंय तोवर दुरुस्त करा. कापून सारखं केलं की मोडलेलं दिसेनासं होतं आणि मग सगळेच निवांत झोपतात.

मी तुमच्या उपयोगाची राहिलेली नाही, माझी हद्द आठवीपर्यंत. तेव्हा येताना शिडी घेऊन या. उंच आणा. आणि लवकर या, कारण बोजे अजून वहीतच लिहितात, आणि आज सकाळीसुद्धा एक वही वर गेली.